कोडरनर : तीन सत्रं वापरून झाल्यावर

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला लागून मला १७ वर्षं झाली. ४ बॅचेस, एकेका बॅचमध्ये २०-२२ मुलं आणि आठवड्याला एक प्रॅक्टिकल, म्हणजे दर आठवड्याला ८० च्या वर प्रोग्रॅम तपासायचे. इतकी वर्षं पद्धत एकच. मूल पीसीवर रन करून दाखवणार, मी एक-दोन आकडे टाकून बघणार आणि जर्नलमध्ये लाल पेनाने सही, तारीख. सबमिशनच्या आठवड्यात जर्नलांचा ढीग टेबलावर मावायचा नाही, जमिनीवर यायचा. त्यातल्या कितीतरी सह्या मी कोड नीट न वाचता केल्या आहेत. ते मला कायम खुपत आलंय. ८० मुलांचे प्रोग्रॅम एका माणसाने मनापासून वाचायचे तर दिवस पुरत नाही.

३ सत्रांपूर्वी आमच्या मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन शिकवण्याच्या आणि परीक्षांच्या साइटवर, कोडरनर बसवलं. मूडलच्या क्विझमध्ये बसणारा हा एक प्रश्नप्रकार आहे. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात रिचर्ड लॉब यांनी तो उभा केला आणि तो फुकट मिळतो. मूल ब्राउझरमधल्या चौकटीत कोड लिहितं आणि ‘चेक’ दाबतं. कोड जोब नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर जाऊन कंपाइल होतो, आपण लिहून ठेवलेल्या टेस्ट केसवर (द्यायचा आकडा आणि त्याचं अपेक्षित उत्तर) चालतो आणि काही सेकंदांत तक्ता समोर येतो : काय द्यायला हवं होतं, काय आलं. सगळं जुळलं तर हिरवं, नाहीतर लाल. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत रेन्सेलर इन्स्टिट्यूटच्या जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी पंचकार्डांवरचे विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम यंत्राकडून तपासून घेतल्याचं १९६० सालीच लिहून ठेवलंय.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. लीप वर्षाचा प्रोग्रॅम होता. पूर्वी मी २०२४ टाकायची, २०२३ टाकायची आणि सही करायची. यंत्रात टेस्ट केस लिहायला बसले तेव्हा १९०० घातलं. एका मुलीचं बाकी सगळं हिरवं आणि १९०० लाल. “मॅडम, मशीन चुकतंय. १९०० ला ४ ने भाग जातो की!” मी उत्तर दिलं नाही, १९०० च्या फेब्रुवारीचं कॅलेंडर शोधायला सांगितलं. २८ दिवस बघून ती गप्प झाली, मग १०० ने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, ४०० ने जाणारं मात्र असतं, हा नियम तिने स्वतःच वाचून काढला, अट बदलली आणि आपणहून २००० टाकून बघितलं. पुढची १५ मिनिटं ती शेजारच्या दोघींना १९०० ला काय होतं ते सांगत होती. आधीच्या वर्षांत नुसता ४ ने भागणारा किती मुलांचा प्रोग्रॅम माझ्या सहीने बरोबर ठरला असेल!

फॅक्टोरियलचंही (१ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार) तसंच. दिसणाऱ्या ३ टेस्ट केस ठेवल्या तर कुणीतरी ‘५ असेल तर १२० छाप’ असं लिहितंच. म्हणून ५ केस लपवून ठेवते. त्यात शून्य असतो आणि १३ असतो. १२ चं फॅक्टोरियल ४७,९०,०१,६०० साध्या इंटमध्ये (सीमधली पूर्णांक ठेवायची नेहमीची जागा) मावतं, १३ चं ६,२२,७०,२०,८०० मावत नाही. इंटची मर्यादा फळ्यावर लिहून मुलांच्या डोक्यात शिरत नव्हती, ती या १३ च्या केसने शिरली.

आता जे सोसावं लागलं ते. मराठी माध्यमातून आलेला एक मुलगा, अतिशय कष्टाळू. त्याच्या सगळ्या ओळी लाल. मी दुसऱ्या टोकाला होते. त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत त्याने बरोबर असलेला लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग) तीनदा खोडून पुन्हा लिहिला होता. “आउटपुट तर बरोबर येतंय की मॅडम,” म्हणताना त्याचा आवाज भरून आला होता. चूक एवढीच, की पुस्तकातल्या सवयीप्रमाणे त्याने आधी ‘एंटर अ नंबर’ छापलं होतं. यंत्राला नुसतं १२० हवं होतं, मिळालं ‘एंटर अ नंबर : १२०’. खाली फरक दाखवण्याचं बटण असतं, ते मी वर्गात दाखवलंच नव्हतं. ही चूक त्याची नव्हती, माझी होती. तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाच्या वर मी मराठीत लिहिते, ‘सांगितलंय तेवढंच छापा, एक शब्दही जास्त नको’, आणि खाली नमुना देते. शिवाय पहिल्या ६ प्रॅक्टिकलना तुलनेचा सैल प्रकार निवडते. त्यात लहान-मोठी अक्षरं आणि जास्तीच्या मोकळ्या जागा माफ असतात.

सेटिंग्ज आहेत तशा सोडू नका, हे कळकळीने सांगते. चुकीच्या ‘चेक’ला १० टक्के, मग २० टक्के असा दंड आधीपासून लावलेला असतो. पहिल्या सत्रात मी तो तसाच ठेवला आणि मुलं बटण दाबायलाच घाबरायला लागली. एकाचं हिरवं झालं की तोच कोड व्हॉट्सअॅपवर फिरायचा. आता मी पहिल्या दोन चुका माफ करते, दंड तिसरीपासून. ‘प्रीचेक’ चालू ठेवते, त्यात उदाहरणाच्या केसवर दंडाशिवाय बघता येतं. आणि ‘सगळं किंवा काहीच नाही’ ही खूण काढून टाकते. ८ पैकी ६ केस बरोबर आलेल्या मुलाला शून्य देणं मला जमणार नाही.

दुसऱ्या सत्रात एकदा सरासरीच्या प्रोग्रॅममध्ये मी अपेक्षित उत्तरच चुकीचं लिहिलं. ७.५० च्या जागी ७. आपलं नमुना उत्तर सेव्ह करताना तपासून घेण्याची सोय आहे, ती घाईत मी बंद केली होती. रात्री ११ वाजता ग्रुपवर मेसेज सुरू झाले. मूडलमधून सगळ्यांचं पुन्हा गुणांकन करता आलं, पण तोवर बऱ्याच मुलांनी बरोबर कोड बिघडवून ठेवले होते. ती सोय आता मी कधीच बंद करत नाही.

बसवायला मूडलचा अॅडमिन लागतो आणि जोबसाठी वेगळं लिनक्स मशीन. मूडलच्याच सर्व्हरवर मुलांचा कोड चालवू नये, आणि जोबपर्यंत फक्त मूडललाच पोचता येईल अशी फायरवॉल हवी. आमच्या लॅब असिस्टंटनी एका पीसीवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दोन दुपारींत काम संपवलं. न संपणारा लूप आला तर वेळेची मर्यादा तो तोडते.

कोड कसा लिहिलाय, ते मात्र याला कळत नाही. ५ विषयांच्या बेरजेला एकाने अॅरे (एकाच नावाखाली अनेक आकडे) आणि लूप वापरला, दुसऱ्याने ५ वेगळी व्हेरिएबल आणि ५ वेळा स्कॅनएफ (आकडा वाचून घेण्याची सीमधली आज्ञा). दोघांना १० पैकी १०. टेम्प्लेट, म्हणजे कोड कसा तपासायचा ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून हे पकडता येतं, पण ते लिहायला पायथन ही दुसरी भाषा यावी लागते आणि एकेका प्रश्नामागे संध्याकाळ जाते. कॉपी पकडायला स्टॅनफर्डचं मॉस हे सॉफ्टवेअर १९९४ पासून आहे. व्हेरिएबलची नावं बदलली तरी त्याला साम्य सापडतं. पण १५ ओळींचं फॅक्टोरियल सगळ्यांचं सारखंच दिसणार, तेवढ्यावरून मी कुणावर बोट ठेवत नाही. आणि एआयकडून लिहून आणलेला कोड तर यंत्र आनंदाने हिरवा करतं. म्हणून ओरल मी सोडलेली नाही, उलट वाढवलीय. प्रत्येकाला ५ मिनिटं. त्याच्याच कोडमधली एक ओळ मी बदलते आणि आता काय छापलं जाईल विचारते. इतकी वर्षं हा वेळ जर्नलांत जात होता.

पाचपैकी चार गुण देईन. एक कापला तो एरर मेसेजसाठी. अॅरेच्या हद्दीबाहेर जाऊन प्रोग्रॅम कोसळला की मुलासमोर ‘सेग्मेंटेशन फॉल्ट’ (नको त्या मेमरीला हात लावला) एवढे दोनच शब्द येतात. कोडरनर कंपायलरचा आणि सिस्टिमचा निरोप जसाच्या तसा पुढे करतं, आणि गावाकडून आलेलं मूल त्या दोन शब्दांपाशी अडकून बसतं. यावर आम्ही नेहमीच्या १० एररचा मराठीत अर्थ लिहून तो कागद प्रत्येक पीसीशेजारी चिकटवलाय. पहिली ओळ आहे : ‘सेग्मेंटेशन फॉल्ट आला? अॅरेच्या हद्दीबाहेर गेलात का बघा. तरी नाही सुटलं तर मॅडमना हाक मारा.’