बोअरचं पाणी आणि गिझर: दरवर्षी सफाई की सॉफ्टनर?

वाघोलीच्या मावसबहिणीकडे टँकर आणि बोअरचं पाणी. क्षारांचा थर बसून दोन वर्षांत गिझरची कॉइल (पाणी तापवणारा भाग) गेली. आता तिचा प्रश्न: दरवर्षी टाकी उघडून साफ करून घ्यायची, की सॉफ्टनर, म्हणजे थर बसवणारे क्षार काढून पाणी मऊ करणारं यंत्र, बसवायचा?

खर्चात सफाई स्वस्त. प्लंबरची मजुरी, गॅस्केट आणि मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड. हा रॉड स्वतः झिजतो म्हणून टाकी गंजत नाही. तो संपला की टाकीची पाळी. मेकॅनिकला रॉड दाखवायला सांगा, कित्येक जण नुसती कॉइल खरवडून निघून जातात.

सॉफ्टनर आधी महाग, शिवाय मीठ भरत राहायचं. पण थर बसवणारे क्षार टाकीत फारसे शिरत नाहीत, नळ आणि वॉशिंग मशीनही वाचतं. मात्र मऊ पाण्यात अ‍ॅनोड उलट लवकर झिजतो, त्यामुळे तो तपासणं सुटत नाही.

भाड्याचं घर, एकच गिझर: सफाई पुरे, थर्मोस्टॅट ५५-६० अंशांवर ठेवा, त्याहून तापवलं की क्षार जास्त बसतात. स्वतःचा फ्लॅट, दोन-तीन बाथरूम, बादलीवर पांढरे डाग: सॉफ्टनर घ्या. बहिणीला मी तोच सांगितला.