चेंगडूची खाऊगल्ली: सशाचं डोकं, भेजा आणि आपलं तिरफळ

"सशाचं डोकं खरंच खाल्लंस?" चेंगडूहून (चायनातल्या सिचुआन प्रांतातलं शहर) परत आल्यापासून इतक्या जणांनी विचारलंय ना, की एकदाच सगळं लिहून टाकते. हो, खाल्लं. एक नाही, दोन.

चायनातलं रस्त्यावरचं खाणं म्हटलं की आपल्याकडे लोकांना काडीला टोचलेले विंचूच आठवतात. ते प्रकरण बीजिंगच्या वांगफुजिंग भागातलं, मुख्यतः टुरिस्टांसाठी मांडलेलं, आणि तिथलं डोंगहुआमनचं मोठं नाईट मार्केट तर २०१६ मध्येच बंद झालं. चेंगडूचं तसं नाही. इथे आपल्याला जे विचित्र वाटतं ते तिथली लोकं ऑफिस सुटल्यावर बिअरबरोबर निवांत खात बसतात, आपण भजी खातो तसं.

पहिल्या संध्याकाळी मी आणि माझी मैत्रीण एका सजवलेल्या गल्लीत फसलो, लाल कंदील, भरपूर गर्दी, गार झालेला टोफू आणि भाव दुप्पट. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने युलिनला पाठवलं. जुना रहिवासी भाग आहे, खाली दुकानं, वर गॅलरीत कपडे वाळत घातलेले, आणि संध्याकाळी फूटपाथवर बुटकी टेबलं मांडतात, स्टूल तर इतकं बुटकं की गुडघे हनुवटीला लागतात. दुकानदार बाई साठीच्या असतील. तिकडे अशा बायकांना न्यांगन्यांग म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. मी तशी हाक मारली तर त्या जाम खूश, आणि लगेच काउंटरवरचं स्टीलचं भांडं पुढे ढकललं. त्यात डोकी. दातांसकट.

दोन प्रकार असतात, वूश्यांग म्हणजे मसाल्याच्या रसात शिजवलेलं, बेताचं, आणि माला. माला मधला 'मा' म्हणजे बधिर करणारं आणि 'ला' म्हणजे तिखट. मी अर्थातच माला घेतलं (कोकणातली आहे मी, तिखटाला घाबरते काय!). एक डोकं साधारण १२ युआनला, म्हणजे दीडशेच्या आसपास रुपये. बरोबर प्लास्टिकचे हातमोजे देतात, ते नको म्हणू नका.

खायचं कसं ते मावशींनीच दाखवलं. वरचे-खालचे दात दोन हातात धरायचे आणि जबडा उघडून फाडायचा, कट् असा आवाज होतो. मग जीभ, ती सगळ्यात भारी, मऊ आणि मसाला पार आतपर्यंत मुरलेला. मग गालाचं मांस, मग डोळा, इथे मी दोन मिनिटं थांबले खरं सांगायचं तर, आणि शेवटी कवटी फोडून आतला भेजा चोखून काढायचा. मांस एकूण किती, तर एका घासाचं. पण ते काही पोट भरायला नसतंच, आपण कुर्लीची नांगी फोडत तासभर बसतो ना, अगदी तसला उद्योग आहे तो. आमच्या घरी माशाच्या डोक्यावरून भांडणं होतात, त्यामुळे मला किळस वगैरे काही आली नाही. चेंगडूकडे 'सशाचं डोकं कुरतडणं' याचा अर्थ चुंबन घेणं असाही होतो म्हणे, हे कळल्यावर शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याकडे बघवेना.

खरी गंमत तोंडात दुसऱ्याच गोष्टीने झाली. तिसऱ्या घासाला ओठ झिणझिणायला लागले, जिभेवर मुंग्या, बारीक करंट लागावा तसं, आणि पाणी प्यायले तर पाण्याची चवच बदललेली. मैत्रीण घाबरली. मी मात्र वास घेत बसले, कारण हा वास मला माहीत होता. तिरफळ! बांगड्याच्या तिखल्यात आई चेचून टाकते ते तिरफळ!

मावशींकडून मूठभर दाणे मागून घेतले. त्याला हुआज्याओ म्हणतात. तसंच तडकलेलं टरफल, आतली काळी बी टाकून द्यायची, सगळं सेम. नंतर वाचलं तर दोन्ही झाडं एकाच जीनसमधली, झँथॉक्सिलम, म्हणजे चुलत भावंडंच. मिरची सिचुआनला काय आणि कोकणात काय, दोन्हीकडे अमेरिकेतून आलेली पाहुणी, गेल्या चार-पाचशे वर्षांतली, त्याच्या कितीतरी आधीपासून ही झिणझिण तिथे खाल्ली जात होती. फरक एवढाच की आपण कालवणात पाच-सहा तिरफळं टाकतो, चवीपुरती, आणि ती लोकं मूठमूठ टाकतात. हिरवं हुआज्याओ पण असतं, लिंबासारखा वास येतो, आपल्या ओल्या तिरफळाच्या जास्त जवळचं मला तेच वाटलं.

आता भेजा. मेनूचा फोटो काढून ट्रान्सलेट केलं तर फोनवर आलं 'मेंदूचं फूल'. म्हटलं वा! डुकराचा भेजा असतो, फॉइलच्या वाटीत मिरचीचं तेल, लसूण, कोथिंबीर, पात घालून कोळशावर ठेवतात, टेबलावर येतो तेव्हाही रटरटत असतो. भेजा फ्राय खाणाऱ्यांना यात नवीन काही नाही, फक्त परतलेला नसतो त्यामुळे दह्यासारखा थरथरतो. मला सशापेक्षा हाच जास्त आवडला, आणि गरम असतानाच संपवा, गार झाला की वरचं तेल गोठतं आणि मजा गेली.

मैत्रीण शाकाहारी, अंडं चालतं तिला. तिच्यासारख्यांनी जरा सांभाळून. हॉटपॉटचा (टेबलावर उकळत्या रश्शात पदार्थ बुडवून खायचा प्रकार) लाल रस्सा बहुतेक ठिकाणी गाईबैलाच्या चरबीत करतात, वरून फक्त भाज्या आणि मशरूम बुडवले म्हणून तो व्हेज होत नाही. छिंगयो म्हणजे वनस्पती तेलाचा मिळतो, तो मुद्दाम मागावा लागतो. मापो टोफूत पण खिमा असतो. 'नवरा-बायकोच्या फुप्फुसाचे काप' नावाची एक फेमस डिश आहे, त्यात नवरा-बायको नाहीत आणि हल्ली फुप्फुसही नसतं, पण बीफ असतं.

तिचं पोट भरलं ते दानहोंगगाववर. तळहाताएवढ्या पितळी तव्यात अंड्या-मैद्याचं पीठ ओतून वर झाकण, दोन मिनिटांत फुगतं, मग तीळ-साखर नाहीतर बटाट्याचा कीस भरून दुमडून देतात. कडेने कुरकुरीत, आत जाळीदार. तिने चार खाल्ले आणि वर माझ्याकडे बघून म्हणते, बिचारा ससा.

सगळ्यात शेवटी बिंगफन, ८ युआन. बियांची पुरचुंडी पाण्यात चोळायची आणि चुन्याच्या निवळीने घट्ट करायचं, अशी पारदर्शक थरथरीत जेली, वर काळसर गुळाचा पाक (चव थेट काकवीची), शेंगदाणे, तीळ, मनुका. बधिर झालेल्या तोंडाला याच्याइतकं बरं काहीच वाटत नाही.

पैशांचं एक सांगते, रोख द्यायला गेलं की सुट्ट्यांची शोधाशोध होते, सगळं क्यूआरवर चालतं. अलीपे या पेमेंट ॲपला कार्ड घरूनच जोडून जा, माझ्या दोनपैकी एक कार्ड जोडलंच गेलं नाही. गुगल तिथे चालत नाही, ट्रान्सलेशन फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. आणि 'वेईला' म्हणजे कमी तिखट असं सांगितलं तरी चेंगडूचं कमी ते चेंगडूचंच कमी.

माझ्याकडून भेज्याला पाचपैकी साडेचार, दानहोंगगावला चार, सशाच्या डोक्याला तीन, तेही जिभेमुळे. हातमोज्यालाच बारीक भोक होतं, हॉटेलवर येऊन साबणाने दोनदा हात धुतले आणि मग कॉन्टॅक्ट लेन्स काढायला गेले. पुढचा अर्धा तास बेसिनपाशीच होते.

पाव किलो हुआज्याओ आणलंय. आईने डबा उघडून वास घेतला, एक दाणा चावला, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "जुना दिसतोय माल."