गाढवांच्या रक्तासाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर: वीटभट्टीवरच्या उन्हात कितपत भरवशाचा?

गाढवाच्या अंगातलं पाणी घटलंय का हे पाहायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून त्यातलं प्रोटीन दाखवणारं छोटं यंत्र) घ्यायचाच तर 0 ते 12 ग्रॅम सीरम प्रोटीनची पट्टी असलेला घ्या. साखर मोजणारा स्वस्त ब्रिक्सवाला इथे कामाचा नाही.

गाढवाचं शरीर तहान फार सोसतं. अंगातलं पाणी बरंच, म्हणजे वजनाच्या 12-15 टक्के कमी होईपर्यंत पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) फारसा चढत नाही. घोड्याच्या अंदाजाने चाललात तर जनावर कोसळेपर्यंत रिपोर्ट नॉर्मलच दिसेल! म्हणून प्लाझ्मातलं (पेशी वगळून उरणाऱ्या रक्तद्रवातलं) प्रोटीनही पाहायचं; पाणी घटलं की ते चढतं. साधारण पट्टा 5.8 ते 7.6 ग्रॅम प्रति डेसिलिटर. पण जंतांनी पोखरलेल्या गाढवाचं प्रोटीन आधीच खाली असतं, त्यामुळे एकच आकडा फसवतो. त्याच जनावराचं सकाळी कामाआधीचं आणि दुपारी तीनचं रीडिंग शेजारी ठेवा.

ईडीटीए ट्यूब (रक्त गोठू न देणारी नळी) खुणेपर्यंत भरा. अर्धवट भरली तर प्रोटीन खोटं वाढून येतं. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या असतील तरी तसंच. प्लाझ्मा दुधाळ दिसला तर रीडिंग सोडा आणि ताबडतोब ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासायला पाठवा. उन्हाने चारा सोडलेल्या गाढवात हायपरलिपिमिया (रक्तात चरबी अतोनात वाढणं) जीव घेतो.

खरी अडचण तापमानाची. यंत्रातली तापमानाची स्वयंचलित दुरुस्ती बहुधा 10 ते 30 अंशांपर्यंतच चालते, आणि भट्टीवर पारा चाळिशीपार. यंत्र सावलीत, थंड डब्यात ठेवा आणि दर वेळी डिस्टिल्ड वॉटरने शून्य जुळवा.

घामावाटे गेलेलं सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम हे यंत्र दाखवत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. तरी या कामासाठी पैसे वसूल.