व्हीस्फिअर कॉन्फिगरेशन प्रोफाइल्स: वापरून बघितल्यावर

आमच्याकडे बारा ईएसएक्सआय होस्ट (व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय घातलेले, ज्यांवर आभासी मशीन म्हणजे व्हीएम चालतात ते सर्व्हर) आहेत आणि बाराही एकसारखे आहेत असं आम्ही ऑडिटरला दरवर्षी छातीठोकपणे सांगायचो. प्रत्यक्षात रात्री दोनला काहीतरी अडकलं की जो ड्युटीवर असेल तो एका होस्टवर एक सेटिंग बदलून मोकळा, रजिस्टरमध्ये नोंद नाही, आणि तो माणूस सहा महिन्यांनी नोकरी सोडून गेलेला. प्रोफाइल्सकडे, म्हणजे सगळ्या होस्टच्या सेटिंगच्या एका साच्याकडे, आम्ही वळलो ते या कारणासाठी.

जुनं होस्ट प्रोफाइल ज्यांनी वापरलंय त्यांना पद्धत माहीत असेलच, ते व्हीस्फिअर (व्हीएमवेअरचं व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) ४ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. एका नीट लावलेल्या होस्टवरून साचा काढायचा, बाकीच्यांना चिकटवायचा, मग कोण साच्याबाहेर गेलंय ते व्हीसेंटर (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) दाखवतं. चालायचं, पण आयपी, होस्टनेम असलं प्रत्येक होस्टचं वेगळं भरताना जीव जायचा आणि त्यातले पर्याय इतके खोल दडलेले की एक टिक शोधायला चहा गार व्हायचा. व्हीस्फिअर ८ मधल्या कॉन्फिगरेशन प्रोफाइल्समध्ये अख्ख्या क्लस्टरचं, म्हणजे होस्टच्या गटाचं, म्हणणं एका जेसन (साध्या मजकुराच्या) फाइलीत असतं, ज्या होस्टला वेगळं हवं तेवढंच त्याच्या नावाखाली लिहायचं. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हेच, कारण फाइल गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) टाकता येते आणि एनटीपीचा (घड्याळ जुळवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता कोणी कधी बदलला हे भांडण न करता कळतं. लागू करायच्या आधी प्री-चेक होतो, कुठल्या होस्टला मेंटेनन्स मोडमध्ये जावं लागेल तेही सांगतो. हे ८.० अपडेट १ पासून नीट वापरण्याजोगं झालं, त्याआधी नुसता ट्रेलर होता. एक मात्र ध्यानात ठेवा, ८.० अपडेट ३ च्या आधी क्लस्टर पहिल्यांदा इमेजवर (सगळ्या होस्टना एकच ठरलेलं ईएसएक्सआय) न्यावा लागायचा आणि एकदा इमेजवर गेलं की बेसलाइनवर (पॅचच्या याद्यांची जुनी पद्धत) परत येता येत नाही, त्यामुळे चाचणीचा क्लस्टर वेगळा ठेवा.

आता आमचा शहाणपणा सांगतो. नमुना म्हणून जो होस्ट निवडला त्याच्यात सिसलॉग सर्व्हरचा पत्ता जुना होता, तो सर्व्हर आम्हीच कधीचा बंद केलेला. साचा काढला, बाराही होस्टना लावला, सगळीकडे हिरवी टिक, आम्ही खूश. दोन महिन्यांनी एक होस्ट रात्री रीस्टार्ट झाला, लॉग शोधायला गेलो तर काहीच नाही, कारण बाराही जण इमानदारीत बंद सर्व्हरकडे लॉग पाठवत होते. हिरवी टिक म्हणजे सगळं साच्याबरहुकूम आहे एवढंच, साचा बरोबर आहे की नाही हे तिला विचारू नका! आधी अकरा बरोबर आणि एक चूक होता, आता बाराच्या बारा चूक, तेही एका क्लिकमध्ये.

स्टोरेजच्या पॉलिसीचं, म्हणजे डेटा कसा ठेवायचा त्या नियमांचं, तसंच. व्हीसॅनवर (होस्टमधल्या डिस्क एकत्र करून केलेलं स्टोरेज) एक बिघाड सोसायचा आणि रेड-१ (डेटाच्या दोन पूर्ण प्रती) ठेवायचं तर १०० जीबीच्या डिस्कला २०० जीबी जागा जाते, चार होस्ट असतील तर रेड-५ मध्ये (पूर्ण प्रतीऐवजी डेटा परत जुळवण्यापुरती जादा माहिती) तेच साधारण १३३ जीबीत भागतं. जागा वाचवायच्या हौसेनं मी चालू पॉलिसीच बदलली आणि "आत्ता लावा" निवडलं, ती पॉलिसी ज्या ज्या व्हीएमला होती त्या सगळ्यांचा डेटा नव्याने मांडायला सुरुवात, वर शुक्रवार संध्याकाळ. नवी पॉलिसी वेगळी बनवा आणि पाच-पाच व्हीएम हलवा, बाकी काही सांगत नाही.

युझरच्या प्रोफाइलसाठी, म्हणजे त्याच्या डेस्कटॉप, फायली, सेटिंगसाठी, एफएसलॉजिक्स, मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये घेतलेलं. इथे मात्र मी मनापासून पैकीच्या पैकी मार्क देतो. जुन्या रोमिंग प्रोफाइलमध्ये सकाळी नऊला सगळ्यांच्या फायली कॉपी होत बसायच्या आणि हेल्पडेस्कचा फोन थांबायचा नाही, इथे युझरचं अख्खं प्रोफाइल एका व्हीएचडीएक्स (आभासी डिस्कच्या) फाइलीत असतं आणि लॉगिनला ती फक्त जोडली जाते. डीफॉल्ट मर्यादा ३० जीबीच्या आसपास आहे, आउटलुकवाल्यांना ती पुरत नाही, सुरुवातीलाच वाढवून ठेवा. अँटिव्हायरसमधून त्या फायली वगळायलाही विसरू नका.

आणि प्रिव्हेंटलॉगिनविथफेल्युअर, प्रिव्हेंटलॉगिनविथटेम्पप्रोफाइल ही एफएसलॉजिक्सची दोन्ही सेटिंग्ज १ करा. आम्ही केली नव्हती. प्रोफाइलच्या फायली ठेवलेला नेटवर्क शेअर सापडला नाही तरी विंडोज युझरला आत घेतं, कोऱ्या प्रोफाइलसकट, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं आज डेस्कटॉप स्वच्छ दिसतोय. अकाउंट्सच्या मॅडमनी त्या स्वच्छ डेस्कटॉपवर दिवसभराचं काम सेव्ह केलं, संध्याकाळी लॉगआउट केलं आणि सगळं गेलं, त्या अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

व्हीस्फिअरची प्रोफाइल्स घ्यायची असतील तर आधी लायसन बघा. होस्ट प्रोफाइलला व्हीस्फिअरचं एंटरप्राइझ प्लस लायसन लागायचं, आणि ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर महिनाभरात कायमची लायसन विकणं बंद झालं, आता सबस्क्रिप्शनच. तीन-चार होस्ट असणाऱ्यांनी एवढ्यासाठी खिसा रिकामा करू नये, एक्सेलची यादी आणि दर महिन्याला चालवायची एखादी पॉवरसीएलआय (व्हीएमवेअरला कमांडने चालवायचं साधन) स्क्रिप्ट पुरते. दहाच्या वर होस्ट असतील तर घ्या, पण साचा काढायच्या आधी नमुना होस्टची एकेक ओळ दोन माणसांनी मोठ्याने वाचा, आम्ही आता तसंच करतो, बाजूचे लोक हसतात.