मुठीवरच्या पाकळ्या : ऑक्सोच्या सोलाण्याविषयी

साल काढण्याचे सोलाणे ही इतकी मामुली वस्तू आहे, की तिच्या रचनेवर कोणी डोके चालवले असेल हे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. ऑक्सो या अमेरिकी कंपनीच्या ‘गुड ग्रिप्स’ मालिकेतले जाड, काळ्या मुठीचे सोलाणे मी कित्येक वर्षे वापरत आहे आणि स्वयंपाकघरातल्या सर्व हत्यारांत तेच मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेले वाटते.

ऑक्सोचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे पातळ दांड्याचे सोलाणे धरणे जड जात असे. त्यावरून फार्बर यांनी ‘स्मार्ट डिझाइन’ या संस्थेच्या मदतीने नवी मूठ घडवून घेतली आणि १९९० मध्ये ही अवजारे बाजारात आणली. ती ‘रुग्णांसाठी’ अशी चिठ्ठी लावून विकली गेली नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुखऱ्या हाताला जे सोसवते ते धडधाकट हातालाही सुखाचे असते, हे त्यांनी न बोलता दाखवून दिले.

मूठ रबरासारख्या मऊ पदार्थाची असून तिचा छेद लंबगोल आहे. गोल दांडा ओल्या हातात फिरतो, ही मूठ मात्र जागची हलत नाही. तिच्या दोन्ही अंगांना, नेमक्या अंगठा आणि तर्जनी टेकतात त्या जागी, पातळ लवचिक पाकळ्यांची ओळ आहे. दाबले की त्या बोटाच्या आकाराप्रमाणे वाकतात आणि बोट उचलताच पुन्हा ताठ होतात. पकडीचे मुख्य काम खरे तर मुठीची जाडीच करते. मग या पाकळ्या म्हणजे निव्वळ नक्षी आहे काय?

माझ्या मते नाही. त्यांचे काम वस्तू हातात येण्याआधीच सुरू होते. वस्तूने दिलेल्या कृतीच्या शक्यतांना मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी ‘अफोर्डन्स’ म्हटले, आणि डिझाइनचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये ती संकल्पना नित्याच्या वस्तूंच्या समीक्षेत आणली. त्या शक्यता डोळ्यांना दिसल्या पाहिजेत, यावर नॉर्मन यांचा भर आहे. पाकळ्या दिसताच बोट कुठे ठेवायचे ते कळते, सांगावे लागत नाही. रूप कार्यामागून येते, हे वास्तुविशारद लुई सलिव्हन यांचे १८९६ मधले सूत्र इथे अपुरे पडते, कारण चांगली पकड देणाऱ्या मुठी अनेक रूपांच्या होऊ शकल्या असत्या. त्यांतून स्वतःचा वापर स्वतःच दाखवणारे रूप निवडले गेले, आणि ही निवड कार्यातून आपोआप निघत नाही.

उणिवाही आहेत. खाचा म्हटल्या की मळ बसायला जागा आलीच, म्हणून पाकळ्यांमध्ये ब्रश फिरवणे भाग पडते. त्याहून खटकते ते हे, की पाते मुठीत कायमचे बसवलेले आहे; त्याची धार गेली की अजून उत्तम असलेली मूठही टाकून द्यावी लागते. मुठीवर एवढा विचार करणाऱ्यांनी पाते सुटे ठेवायला हवे होते.