वयाचा दाखला मागणारे वाइन शॉप

पुण्याच्या पश्चिम उपनगरातील ज्या वाइन शॉपविषयी हे लिहीत आहे, त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे कौतुकाबरोबर दोन तक्रारीही येणार आहेत. मद्याच्या दुकानाविषयी लिहिताना माल किती आहे, बिअर थंड मिळते का आणि गाडी लावायला जागा आहे का, एवढेच बहुधा पाहिले जाते. माझ्या मते या व्यवसायात दुकान कोणाला माल विकते यापेक्षा कोणाला नाकारते, हे आधी पाहायला हवे, आणि या दुकानाची पारख मी त्याच बाजूने केली आहे.

काउंटरच्या मागच्या भिंतीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाची एफएल-२ अनुज्ञप्ती काचेच्या चौकटीत, वाचता येईल अशा उंचीवर लावलेली आहे. एफएल-२ म्हणजे सीलबंद बाटलीतून विदेशी मद्याची, म्हणजे व्हिस्की, रम, बिअर, वाइन यांची, मग ती इथेच बनलेली का असेनात, किरकोळ विक्री करण्याचा परवाना. या परवान्यावर दुकानात बसून पिण्यास मुभा नसते, त्यासाठी परमिट रूमचा एफएल-३ हा वेगळा परवाना लागतो, आणि देशी दारूच्या दुकानाची सीएल-३ ही आणखी वेगळीच गोष्ट आहे. काउंटरवरील माणसांकडे विभागाने दिलेला नोकरनामा, म्हणजे दुकानात काम करण्याची परवानगी, असावी लागते. इथल्या दोघांकडे तो आहे आणि विचारल्यावर त्यांनी कपाळाला आठी न घालता तो दाखवला. पूर्वी या दुकानाच्या पाटीवर एका देवाचे नाव होते. मद्याच्या दुकानांना देवदेवता, राष्ट्रपुरुष आणि गडकिल्ले यांची नावे देऊ नयेत असे शासनाने 2022 मध्ये ठरवल्यानंतर ते बदलले. नव्या पाटीवरील मराठी अक्षरे मोठी आहेत, शुद्धलेखन मात्र अजून दुरुस्तीच्या प्रतीक्षेत आहे.

महाराष्ट्रात वाइन शॉपचे नवे परवाने गेल्या शतकातील सत्तरच्या दशकापासून जवळजवळ थांबलेले आहेत, त्यामुळे जुनेच परवाने हस्तांतरित होत फिरतात आणि त्यांची किंमत दुकानातल्या मालापेक्षा कितीतरी अधिक असते. याचा एक परिणाम असा की मालकाला परवाना निलंबित होण्याची खरीखुरी धास्ती असते. दुसरा परिणाम उलट्या दिशेचा आहे: लोकवस्ती वाढत गेली, दुकाने मात्र तेवढीच राहिली, आणि शनिवारी संध्याकाळी काउंटरसमोर चार रांगा लागल्या की प्रत्येकाचा चेहरा न्याहाळून वय ताडण्याची सवड विक्रेत्याला उरत नाही.

अशाच एका शनिवारी पाठीवर सॅक अडकवलेले तीन तरुण माझ्या पुढे उभे होते आणि त्यांनी व्हिस्कीचा खंबा, म्हणजे मोठी बाटली, मागितला. काउंटरवरील गृहस्थांनी शांतपणे आधार कार्ड मागितले, जन्मतारीख पाहिली आणि म्हणाले, “बावीस पूर्ण आहे. बिअर देतो, वाइन देतो, व्हिस्की नाही मिळणार.” आपल्या राज्यात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची, तर व्हिस्की, रम, ब्रँडी यांसारख्या मद्यासाठी 25 वर्षांची आहे, हे त्या मुलांना ठाऊक नसावे. शेजारच्या गोव्यात 18 व्या वर्षी जे चालते ते इथे का चालत नाही, यावर एकाने हुज्जत घालून पाहिली. त्यावर, “दादा, नियम मी केलेला नाही, पण दंड मलाच भरायचा आहे,” एवढेच उत्तर त्याला मिळाले. मागे रांग खोळंबली होती, दोघेतिघे कुरकुरत होते, तरीही गृहस्थ बधले नाहीत. मे 2024 मध्ये पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या मोटारीने कल्याणीनगरात झालेल्या अपघातानंतर शहरात पबची आणि बारची झाडाझडती झाली, त्याचा धाक यामागे असेल. पण तो धाक दोन-चार महिन्यांत ओसरला नाही, हे या दुकानाच्या बाजूने नोंदवायला हवे. पुढची हकिकत मात्र अशी की ती मुले बाहेर गेली आणि पाच मिनिटांनी एक चाळिशीतले गृहस्थ येऊन नेमका तोच खंबा घेऊन गेले. काउंटरच्या जाळीपलीकडे विक्रेत्याचा अधिकार पोचत नाही.

आता परवान्याविषयी, म्हणजे ग्राहकाच्या परवान्याविषयी. आपल्याकडे 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम, नावात ‘महाराष्ट्र’ येऊन, आजही लागू आहे. कायद्याच्या दृष्टीने मूळ स्थिती दारूबंदीचीच आहे आणि पिणे ही परवान्याने मिळणारी सवलत आहे. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना, वर्षाचा शंभर रुपयांना आणि आजीवन परवाना हजार रुपयांना मिळतो. आरोग्याच्या जतनासाठी मद्य आवश्यक आहे, अशी त्यामागची कागदोपत्री भूमिका आहे, आणि त्याच बाटलीवर 2019 पासून मद्यपान आरोग्यास अपायकारक असल्याचा इशारा छापणे बंधनकारक आहे. ही विसंगती कोणालाच बोचत नाही, कारण बहुतेक ठिकाणी एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तके नावे न लिहिताच फाडली जातात आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो. या दुकानात माझे नाव विचारून परवाना लिहिला गेला, पाच रुपये बिलात वेगळे दाखवले गेले आणि कागद माझ्या हाती देण्यात आला. आडनावात एक काना कमी होता, ते सोडून देऊ. हे काम दर ग्राहकामागे अर्धा मिनिट खाते, आणि नेमक्या त्याच अर्ध्या मिनिटात विक्रेता समोरच्याकडे नीट पाहतो. माझ्या मते परवान्याचा खरा उपयोग झालाच तर तो एवढाच, आणि नाव न लिहिता पान फाडणारी दुकाने नेमका तोच गमावतात.

परिसराविषयी समाधान अर्धेच आहे. दुकानासमोर उभे राहून पिण्यास मनाई असल्याचा फलक आहे आणि रखवालदार लोकांना खरोखर हटकतो. पण वीस पावलांवर चकण्याची गाडी उभी असते, तिथे प्लॅस्टिकचे पेले आणि पाण्याच्या बाटल्या विकल्या जातात, आणि मग मोटारीत बसून ‘एकच पेग’ घेणाऱ्यांची रांग लागते. वाहनचालकाच्या रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे, तिचे भान त्या रांगेत कोणाला असेल असे वाटत नाही. चकण्याची गाडी दुकानाच्या मालकीची नाही, हे मालकाचे म्हणणे खरे आहे. पण शेजारच्या सोसायटीतील महिला ज्या दिवशी अर्जावर सह्या गोळा करू लागतील, त्या दिवशी हा फरक त्यांना पटवणे अवघड जाईल. 2008 च्या आदेशानुसार प्रभागातील 25 टक्के महिला मतदारांच्या मागणीवरून मतदान घेता येते, आणि आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूच्या चिन्हाला, पुरेशी मते पडली तर दुकान बंद होते. चकण्याच्या गाडीला कोणी मत देत नसते.

दर छापील किमतीप्रमाणेच आहेत, अपवाद एक: थंड बिअरवर दहा रुपये जास्त घेतले गेले. छापील कमाल किमतीत सर्व काही आले, फ्रीजचे वेगळे भाडे त्यात बसत नाही, असे म्हणताच पैसे परत मिळाले. न म्हणणाऱ्यांचे काय होते, ते उघड आहे. बिलही मागितले तरच मिळते. ड्राय डेची यादी महिन्याच्या सुरुवातीलाच फलकावर लिहिलेली असते, आणि मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत मागचे दारही उघडत नाही, हे मी एका निवडणुकीत स्वतः पाहिले आहे.

माझी मोठी तक्रार जुनी आहे. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदी असताना शासनाने दुकानांना परवाना असलेल्या ग्राहकांच्या घरी मद्य पोचवण्याची मुभा दिली, तेव्हा मी याच दुकानातून रमची एक बाटली मागवली होती. ती पोचली तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. दार माझ्या 19 वर्षांच्या भाच्याने उघडले आणि मुखपट्टी लावलेल्या मुलाने त्याच्या हाती पिशवी देऊन पैसे घेतले. परवाना विचारला नाही, वय विचारले नाही, नावही विचारले नाही. ज्या दुकानाच्या काउंटरवर बावीस वर्षांच्या तरुणाला आधार कार्ड काढावे लागते, त्याच दुकानाचा नियम माझ्या उंबरठ्यावर येईपर्यंत विरघळला होता. मी फोन करून मालकांना हे सांगितले. त्यांनी कारणे दिली नाहीत, फक्त “पोराला समज देतो” म्हणाले. पुढच्या खेपेस तोच मुलगा इमारतीच्या फाटकावर थांबला, तिथून फोन केला आणि म्हणाला, “काका, तुम्हीच खाली या, आणि येताना परवाना आणा.” मी तिसऱ्या मजल्यावरून उतरलो. लिफ्ट तेव्हा बंद होती.