टेप की भट्टी? मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकेरी थर कुठून आणावा

टू-डी मटेरियल्सवर (काही अणूंइतक्याच जाडीच्या पदार्थांवर) पीएचडी किंवा एमएस्सीचा मोठा प्रोजेक्ट घेतलेल्या प्रत्येकाला हे पहिल्या काही आठवड्यांतच ठरवावं लागतं: मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकेरी थर क्रिस्टलवरून टेपने सोलून काढायचा, की फर्नेसमध्ये वाफेतून वाढवायचा? लॅबच्या भाषेत, एक्सफोलिएशन की सीव्हीडी (केमिकल व्हेपर डिपॉझिशन). मी आधी भट्टी चालवली, मग टेपकडे वळलो आणि आता जवळपास सगळं काम टेपनेच करतो. तुमचा विषय माझ्यापेक्षा वेगळा असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं, म्हणून दोन्ही पद्धतींबद्दल लिहितो. बँड गॅप, व्हॅन डर वाल्स बंध वगैरे ठाऊक आहे असं धरतो.

टेपबद्दलची मुख्य तक्रार म्हणजे शोधाशोध, आणि ती खरी आहे. क्रिस्टलचा बारीक तुकडा निळ्या टेपवर घ्यायचा, टेप काही वेळा दुमडून उघडायची, वेफरवर (वर ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर) दाबायची, सावकाश सोलायची आणि मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायचं. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडच्या वेफरची पार्श्वभूमी जांभळट असते. तिच्यावर जाड फ्लेक (सोललेले पापुद्रे) पिवळट पांढरे चमकतात, पातळ होत गेले की निळे दिसतात. एकेरी थर मात्र बहुतेक वेळा एखाद्या जाड फ्लेकच्या कडेला चिकटलेली, पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम गडद अशी छटा असते. पाच-दहा मायक्रॉनची, नशीब चांगलं असेल तर वीस. सुरुवातीला नजर तिच्यावरून सरळ पुढे जाते. महिनाभर रोज बसलं की ती आपोआप तिथे थांबायला लागते, आणि मग रामन (लेझर प्रकाशाच्या विखुरण्यावरून पदार्थ ओळखणारं मोजमाप) हा फक्त शिक्कामोर्तबाचा भाग उरतो: दोन शिखरांमधलं अंतर १८-१९ प्रति सेंटीमीटर आलं तर एकेरी, २५ च्या आसपास गेलं तर तो जाड तुकडाच.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गोष्ट जाणवते. दमट हवेत वेफरच्या ऑक्साइडवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि फ्लेक नीट चिकटत नाहीत. ऑक्सिजन प्लाझ्मा देऊन, टेप लावलेली वेफर हॉटप्लेटवर १०० अंशांपर्यंत थोडा वेळ तापवली तर माझ्याकडे बराच फरक पडला. मोजमाप दाखवू शकणार नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये मी ही पायरी कधीच गाळत नाही.

सीव्हीडीचं आकर्षण समजण्यासारखं आहे. चांगला दिवस असेल तर वेफर बाहेर काढताच तिच्यावर शेकडो त्रिकोण दिसतात, प्रत्येक त्रिकोण कित्येक दहा मायक्रॉनचा, शोधावं असं काही नाहीच. तांब्यावर वाढवलेल्या ग्राफीनला, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थराला, तो वेफरवर नेताना जो ट्रान्सफरचा त्रास आहे (पीएमएमए या प्लास्टिकचा लेप द्या, तांबं विरघळवा, मग पीएमएमएचे अवशेष काढत बसा) तोही इथे टळतो, कारण मोलिब्डेनम डायसल्फाइड थेट ऑक्साइडवर वाढतं. पन्नास ट्रान्झिस्टर एका वेफरवर हवे असतील तर टेप तुम्हाला ते देणार नाही. त्रिकोण जिथे एकमेकांना भिडतात तिथल्या ग्रेन बाउंडरी हाच तुमचा विषय असेल तर प्रश्नच मिटला, भट्टीच घ्या.

माझा निर्णय ज्या एका गोष्टीने झाला ती म्हणजे त्या चांगल्या दिवसाची पुनरावृत्ती. विद्यार्थ्याच्या लॅबमध्ये सीव्हीडी म्हणजे सहसा पावडरवाली पद्धत: क्वार्ट्झ ट्यूबच्या मध्यभागी बोटमध्ये (होडीच्या आकाराच्या छोट्या भांड्यात) मोलिब्डेनम ट्रायऑक्साइडची पावडर, तिच्यावर पालथी ठेवलेली वेफर, ट्यूबच्या तोंडाशी दुसऱ्या बोटमध्ये गंधक, आणि वरून आर्गॉन. मध्यभाग साडेसहाशे ते साडेआठशे अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी. कागदावर रेसिपी चार ओळींची आहे. प्रत्यक्षात सगळं गंधक कधी पोचतं यावर आहे. ते ११५ अंशांलाच वितळतं, म्हणून बोट फर्नेसच्या तोंडापासून किती लांब ठेवली यावर वाफ सुटण्याची वेळ ठरते. गंधक उशिरा आलं तर ऑक्साइड अर्धवट क्षपण होऊन वेफरवर मोलिब्डेनम डायऑक्साइडचे चौकोनी स्फटिक बसतात. लवकर आलं तर बोटमधल्या पावडरीच्या पृष्ठभागावरच सल्फाइडची साय धरते आणि मोलिब्डेनमची वाफ बंद होते. वेफर कोरी बाहेर येते.

हे दोन्ही निदान करता येतं. त्रास तिसऱ्या प्रकाराचा आहे: तीच पावडर, तेच वजन, तोच फ्लो, तेच तापमान, सोमवारी सुंदर त्रिकोण आणि गुरुवारी काळसर ठिपके. मग संशयितांची यादी सुरू होते. पावडर बोटमध्ये पसरली होती की ढीग होता? ट्यूबच्या आतल्या भिंतीवर मागच्या रनचा थर किती होता? वेफरची कड पावडरीच्या किती वर होती? आर्गॉनचा सिलिंडर बदलला का? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची म्हटलं तर तापणं, वाढ आणि निवणं मिळून एका रनमागे दिवस जातो. यादी संपत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रेसिपी पुन्हा लागली तरी ती कशामुळे लागली ते कळत नाही. माझ्या वहीत त्या काळातल्या नोंदी अगदी काटेकोर आहेत. त्यावरून मी आजही सांगू शकत नाही की चांगल्या रन चांगल्या का होत्या.

टेपमध्ये अपयश सोपं असतं. फ्लेक मिळाला नाही म्हणजे मिळाला नाही, आणखी एक वेफर घ्या. मिळाला तर तो काय आहे हे तुम्हाला माहीत असतं: ज्या क्रिस्टलवरून सोलला त्याचाच पापुद्रा. डिव्हाइस वाईट आलं तर दोष कॉन्टॅक्टमध्ये आहे की इंटरफेसमध्ये, एवढंच शोधायचं. मटेरियलवर संशय घ्यायचा तर त्याच क्रिस्टलचा दुसरा फ्लेक हाताशी असतो. खाणीतल्या नैसर्गिक मोलिब्डेनाइटमध्ये अशुद्धी असतात आणि टेपच्या फ्लेकमध्येही गंधकाच्या रिकाम्या जागा असतात, ते नाकारत नाही. सीव्हीडीच्या थरात मात्र त्यावर ताणाची भर पडते. थर आणि वेफर निवताना सारखे आकसत नाहीत, म्हणून थर ताणलेला राहतो आणि फोटोल्युमिनेसन्सचं (प्रकाश पडल्यावर थर स्वतः जो प्रकाश सोडतो त्याचं) शिखर लाल बाजूला सरकतं. प्रकाशीय मोजमापं करणाऱ्याला हे आधीच माहीत असलेलं बरं.

या क्षेत्रात नवं काही पहिल्यांदा दिसलं ते बहुतेक वेळा सोललेल्या फ्लेकमध्ये, हेही माझ्या मनात वजनदार ठरलं. २००४ मधलं गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांचं ग्राफीन तर सर्वांना पाठ आहे. पण २०११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ईपीएफएल या संस्थेत आंद्रास किश यांच्या गटाने मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकेरी थराचा जो ट्रान्झिस्टर दाखवला, चालू-बंद गुणोत्तर दहा कोटींच्या घरात, तोही टेपचाच. २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या एका थरात ४५ केल्व्हिनपर्यंत चुंबकत्व टिकतं हे सिद्ध झालं ते सोललेल्या थरावर. २०१८ मध्ये एमआयटीत पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटाने ग्राफीनचे दोन थर १.१ अंशांनी फिरवून अतिवाहकता मिळवली, तेव्हा एकच फ्लेक दोन तुकडे करून एकावर एक ठेवला होता. दोन्ही तुकड्यांची मूळ दिशा एकच, म्हणून कोन एवढा नेमका साधता येतो. मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) मंदार देशमुख यांच्या गटाचं ट्विस्टेड डबल बायलेयर ग्राफीनवरचं (एकमेकांवर फिरवून ठेवलेल्या दोन दुहेरी थरांवरचं) कामही याच वाटेवरचं.

याउलट वेफरभर थर लागणारी कामं आता फार पुढे गेली आहेत. २०२५ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाने मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या ५,९३१ ट्रान्झिस्टरचा ३२ बिटचा प्रोसेसर दाखवला. त्याच वर्षी पेन स्टेटमध्ये सप्तर्षी दास यांच्या गटाने मोलिब्डेनम डायसल्फाइड आणि टंगस्टन डायसेलेनाइड जोडून सीमॉस पद्धतीचा (दोन पूरक प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या जोड्यांचा) छोटा संगणक चालवला. ही कामं पाहून मलाही आनंद होतो, आणि टेपने हे कधी होणार नाही हे उघड आहे. पण पेन स्टेटचे थर एमओसीव्हीडीचे आहेत. त्या पद्धतीत मोलिब्डेनम आणि गंधक दोन्ही वायुरूपात, मोजून सोडतात, पावडर आणि बोट नसतेच. कॉर्नेलमध्ये २०१५ साली चार इंची वेफरवर असा सलग एकेरी थर वाढवला तेव्हा एका वाढीला २६ तास लागले होते. म्हणजे ज्या कामासाठी सीव्हीडी खरंच हवी त्यासाठी आपल्या बाकावरची पावडरवाली भट्टी पुरत नाही, आणि ज्या कामासाठी ती पुरते त्यातलं बरंचसं टेपने जास्त स्वच्छ होतं. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर तो मी मान्य करेन. काही गटांनी वर्षानुवर्षं एकच ट्यूब सांभाळून पावडरीतही सातत्य आणलं आहे.

मधले दोन मार्ग सांगतो. एक, सोन्याच्या पातळ थरावर सोलणं: गंधकाला सोनं घट्ट धरतं, त्यामुळे मिलिमीटर आणि त्याहून मोठे एकेरी थर मिळू लागले आहेत. सोनं आयोडाइडच्या द्रावणात काढावं लागतं, तेवढी एक पायरी वाढते. स्पेक्ट्रोस्कोपीला मोठा ठिपका लागत असेल तर भट्टीच्या आधी मी हेच करून बघेन. दोन, वाढवलेल्या वेफर विकत मिळतात. पीएचडीत दोन-तीन मोजमापांपुरतं मोठं क्षेत्र हवं असेल तर विकत घेणं स्वतः रेसिपी बसवण्यापेक्षा वेळेत नक्कीच स्वस्त पडतं.

गाइडबरोबरच्या पहिल्या बैठकीत तीन गोष्टी विचारून घ्या. मायक्रोस्कोपवर रोज सलग दोन तास मिळतील का, रामन आपल्याच विभागात आहे का, आणि फर्नेसची ट्यूब फक्त या एका मटेरियलसाठी राखून ठेवता येईल का. पहिल्या दोन्हींना होकार असेल तर टेपवर सुरुवात करा. तिसरं उत्तर "आलटूनपालटून वापरू, झिंक ऑक्साइडवाल्यांनाही लागते" असं आलं, तर पावडरवाल्या भट्टीत पडूच नका. पहिल्या दोन्हींना नकार आणि तिसऱ्याला ठाम होकार असेल, तरच मी तुम्हाला भट्टीकडे पाठवेन.